जादूघरातील साक्ष : पाटण्याच्या संग्रहालयांविषयी काही विचार

नागपूरच्या जुन्या रहिवाशांना मध्यवर्ती संग्रहालयाचा पत्ता विचारला तर ते क्षणभर थांबतात. 'अजब बंगला' म्हटले की लगेच वाट दाखवितात. १८६३ साली स्थापन झालेल्या त्या संग्रहालयाला लोकांनी दिलेले हे नाव आहे. पाटण्यातही हाच अनुभव येतो. १९१७ साली स्थापन झालेले पाटणा संग्रहालय तेथील सर्वसामान्य माणसाच्या तोंडी 'जादूघर' आहे, आणि कलकत्त्याच्या संग्रहालयालाही बंगाली माणूस त्याच नावाने ओळखतो. ही नावे प्रेमाने दिलेली आहेत. तरीही त्यांतून लोक आणि संग्रहालय यांचे जे नाते प्रकट होते ते विचार करावयास लावणारे आहे. अजब वस्तू पाहावयाच्या, चकित व्हावयाचे आणि दिवस मावळण्यापूर्वी घरी परतावयाचे. जादूच्या खेळात प्रेक्षकाने प्रश्न विचारावयाचा नसतो. 'हे कसे झाले?' असे कोणी विचारले की जादू संपते.

इतिहासाचा आरंभ मात्र याच प्रश्नापासून होतो. वैशालीस जाण्याच्या निमित्ताने आम्ही पाटण्यास थांबलो आणि तेथील संग्रहालयांचा विचार करू लागलो, तेव्हा हा प्रश्न आमच्यासमोर वारंवार उभा राहिला. राज्य शासन जनतेच्या पैशाने इतिहासाचे संग्रहालय उभारते, ते नेमके कशासाठी? पर्यटकांच्या करमणुकीसाठी, प्रांताच्या गौरवासाठी, की नागरिकांना आपल्या भूतकाळाची तपासणी करता यावी यासाठी? आणि ज्यांच्या भूतकाळावर शतकानुशतके माती लोटली गेली त्या आमच्यासारख्या लोकांनी तेथे कोणत्या वृत्तीने प्रवेश करावा? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

नागरिकांचा वारसा, राज्याची ठेव

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत बारावी नोंद ग्रंथालये आणि संग्रहालये यांची आहे. राज्याच्या नियंत्रणाखालील किंवा राज्याच्या पैशाने चालणाऱ्या या संस्था एकाच नोंदीत एकत्र आल्या आहेत, ही गोष्ट आम्हास अर्थपूर्ण वाटते. ग्रंथालयात मनुष्य वाचावयास जातो. संग्रहालयातही त्याने वाचावयासच गेले पाहिजे. फरक इतकाच की येथे दगड, धातू, माती आणि लाकूड यांची अक्षरे आहेत. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात जी मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली, त्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणणे आणि वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद व जिज्ञासा यांचा विकास करणे ही दोन कर्तव्ये एकाच अनुच्छेदात आहेत. वारसा हवा, पण जिज्ञासेसह हवा, असा त्याचा आमच्या मते अर्थ आहे. संग्रहालय ही या दोन कर्तव्यांची भेट घडविणारी जागा होय.

२०२२ साली प्राग येथे आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने संग्रहालयाची जी नवी व्याख्या स्वीकारली, तिच्यातही समाजाची सेवा, सर्वांस मुक्त प्रवेश आणि विविध समुदायांचा सहभाग यांवर भर आहे. थोडक्यात, संग्रहालयाचा अधिकारी हा वस्तूंचा मालक नसतो, तो विश्वस्त असतो. विश्वस्ताकडे हिशेब मागण्याचा अधिकार ठेवीच्या मालकास असतो, आणि येथे मालक आपण नागरिक आहोत.

१७६४ ची रेषा

पाटण्याच्या बेली रस्त्यावर बिहार शासनाने नवे बिहार संग्रहालय उभारले. जपानी वास्तुविशारद फुमिहिको माकी यांच्या संस्थेने मुंबईच्या ओपोलिस या संस्थेच्या सहकार्याने त्याची रचना केली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्याचा काही भाग खुला झाला आणि २ ऑक्टोबर २०१७ पासून सर्व दालने लोकांना पाहता येऊ लागली. सुमारे ५०० कोटी रुपयांचा हा प्रकल्प. इमारत दर्शनी भव्य असूनही अंगावर येत नाही. अंगणे, मोकळ्या जागा आणि गंजाच्या रंगाचे पोलादी पत्रे यांमुळे ती जमिनीस धरून आहे. बालकांसाठी स्वतंत्र दालन आहे, इतिहासाची तीन दालने आहेत, प्रादेशिक कला आहे आणि देशोदेशी गेलेल्या बिहारी माणसांचे दालनही आहे. गिरमिटिया मजूर म्हणून मॉरिशस, फिजी, सुरिनामपर्यंत गेलेल्यांची आठवण एखाद्या राज्याने आपल्या इतिहासात ठेवावी, हे आम्हास आदरणीय वाटते. अशा दालनाची कल्पना महाराष्ट्रातील शासकीय संग्रहालयांनीही करून पाहावी.

परंतु या संग्रहालयाच्या मुळाशी असलेल्या एका निर्णयाचा येथे विचार करणे आवश्यक आहे. जुने पाटणा संग्रहालय आणि नवे बिहार संग्रहालय यांच्यात वस्तूंची वाटणी करताना १७६४ ही रेषा ठरविण्यात आली. त्या वर्षी बक्सारची लढाई झाली आणि पूर्व भारतात कंपनीच्या सत्तेचा पाया पक्का झाला. त्यापूर्वीच्या वस्तू नव्या संग्रहालयात, त्यानंतरच्या जुन्या संग्रहालयात, असे हे धोरण. जुन्या संग्रहातील वस्तू हलविण्यास त्या वेळी अनेक जाणकारांनी आक्षेप घेतला होता. शंभर वर्षांत जमलेला संग्रह हा स्वतःच एक ऐतिहासिक दस्तऐवज असतो, तो विसकटू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

आमचा आक्षेप थोडा निराळा आहे. कोणत्याही प्राचीन वस्तूस दोन जन्म असतात. पहिला जन्म कारागिराच्या हातून होतो. दुसरा जन्म ती मातीतून पुन्हा वर येते तेव्हा होतो. बिहारमधील बौद्ध अवशेषांचा पहिला जन्म १७६४ च्या कितीतरी आधीचा आहे. दुसरा जन्म मात्र जवळजवळ सर्वस्वी १७६४ नंतरचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस बुकानन यांनी बिहारचे सर्वेक्षण केले. १८६१ पासून अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी चिनी यात्रेकरूंची वर्णने हाती घेऊन गावोगावची टेकाडे पायाखाली घातली. १८९१ साली अनागारिक धर्मपाल बुद्धगयेस आले आणि महाबोधी विहार बौद्धांच्या हाती यावा म्हणून त्यांनी जन्मभर झगडा दिला. १९४९ चा बुद्धगया मंदिर कायदा झाला, त्याने व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य ठेवले आणि अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे दिले. हा सारा इतिहास रेषेच्या अलीकडचा आहे. म्हणजे मूर्ती एका इमारतीत, आणि ती कोणी मोडली, कोणी पुरली, कोणी शोधली, तिच्यावर कोणाचा हक्क कसा ठरला ही हकिगत कालक्रमाने दुसऱ्या इमारतीची. ही विभागणी काटेकोरपणे पाळली तर तथागतांचा धम्म हा पुरातन वैभवाचा एक अध्याय ठरतो. आजच्या जिवंत माणसांचा प्रश्न म्हणून त्याचे अस्तित्व त्या दालनात उरत नाही. बौद्ध धम्माकडे पाहण्याची ही जुनीच सवय आहे. 'तो या देशात होता' असे सांगण्यास सर्व तयार असतात. 'तो आहे' हे सांगताना वाणी अडखळते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर लक्षावधी लोकांनी जे उत्तर दिले, ते या भूतकाळवाचक क्रियापदाला दिलेले उत्तर होते.

यक्षी : पूजेतून संग्रहालयात

बिहार संग्रहालयातील सर्वांत प्रसिद्ध शिल्प म्हणजे दीदारगंजची यक्षी. चुनारच्या वालुकाश्मातील, मनुष्याएवढ्या उंचीची, आरशासारखी झिलई असलेली ही स्त्रीमूर्ती १९१७ साली गंगेच्या काठी दीदारगंज येथे सापडली. डावा हात तुटलेला, उजव्या हातात चवरी. तिच्यापुढे उभे राहिले की कारागिराच्या हाताविषयी मनात जो आदर उत्पन्न होतो, त्यास शब्द अपुरे पडतात.

या मूर्तीची संग्रहालयात येण्याची हकिगत मात्र शिल्पाइतकीच बोलकी आहे. मूर्ती सापडताच काठावरच्या लोकांनी ती थोड्या अंतरावर नेऊन छपराखाली उभी केली आणि तिची पूजा सुरू केली. पुरातत्त्व खात्याचे डी. बी. स्पूनर आणि महसूल मंडळाचे सदस्य ई. एच. सी. वॉल्श यांनी हस्तक्षेप केला. स्पूनर यांचा युक्तिवाद असा की, मूर्तीच्या हाती चवरी आहे, म्हणजे ती सेविका आहे, देवता नव्हे. सबब आजच्या कोणत्याही समुदायास तिची पूजा करण्याचा हक्क पोहोचत नाही. या युक्तिवादाच्या बळावर यक्षी छपराखालून संग्रहालयात आली.

स्पूनर यांचा निर्णय आम्हास परिणामाच्या दृष्टीने योग्य वाटतो. शेंदराच्या पुटांखाली आणि वस्त्रालंकारांखाली गुदमरून गेलेल्या कितीतरी बौद्ध मूर्ती आपण खेडोपाडी पाहतो. कोठे तथागत भैरव झाले आहेत, कोठे तारा ग्रामदेवी झाली आहे. यक्षी त्या गतीपासून वाचली. परंतु युक्तिवादाची तऱ्हा पाहा. ती सेविका आहे, म्हणून तिच्यावर कोणाचा हक्क नाही! सेवकाला हक्कदार नसतो, हा विचार परकीय अधिकाऱ्याच्या लेखणीतून आला तरी त्याची ओळख आम्हास पटते. आणि जे लोक त्या मूर्तीपुढे हात जोडून उभे राहिले, ते चुकले असतील. तथापि त्यांना समजावून सांगण्याचे, त्या मूर्तीचा अर्थ त्यांच्यापर्यंत नेण्याचे दायित्व तिला उचलून नेणाऱ्या संस्थेने पत्करले होते. लोकांच्या हातातून वस्तू घेतली की तिच्या बदल्यात ज्ञान दिले पाहिजे. हे देणे फेडले गेले तरच संग्रहालय न्याय्य ठरते. अन्यथा पूजेची जागा केवळ कुतूहलाने घेतली, इतकेच म्हणता येईल.

हे देणे फेडण्याचा मार्ग कोणता? मतभेद उघड करणे हा त्याचा एक मार्ग आहे. यक्षीच्या काळाविषयी विद्वानांचे एकमत नाही. झिलईमुळे काहींनी ती मौर्यकालीन मानली. शरीरघडणीच्या तुलनेवरून काही अभ्यासक तिला इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापर्यंत खाली आणतात. म्हणजे चारशे-पाचशे वर्षांचे अंतर पडले. शाळकरी मुलापुढे एकच शतक छापून ठेवण्यापेक्षा 'असे दोन पक्ष आहेत, त्यांची कारणे ही आहेत, आता तू पाहा' असे सांगितले, तर ते मूल त्या दिवशी इतिहास पाठ करण्याऐवजी इतिहासाचा विचार करू लागेल. कालामांना तथागतांनी जो उपदेश केला, त्याचे मर्म याहून वेगळे नाही.

धातुकरंडक : संग्रहालयातून स्तूपात

यक्षीचा प्रवास पूजेकडून संग्रहालयाकडे झाला. आता त्याच्या उलट प्रवासाचा विचार करू.

वैशाली येथे काशीप्रसाद जायसवाल संशोधन संस्थेच्या वतीने झालेल्या उत्खननात १९५८ साली एका मातीच्या स्तूपाच्या गाभ्यात दगडी करंडक मिळाला. उत्खननाचे नेतृत्व डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांच्याकडे होते. हे विद्वान मूळचे कोल्हापूर भागातील म्हाकवे गावचे, ही गोष्ट मराठी वाचकांस ठाऊक असावी. करंडकात राखमिश्रित माती, एक लहानसा शंख, काचेचे दोन मणी, सोन्याच्या पत्र्याचा तुकडा आणि तांब्याचे एक आहत नाणे इतक्या वस्तू होत्या. मूळ स्तूप साध्या मातीचा व लहान. त्यावर पुढील काळात चार वेळा वाढीव बांधकाम झालेले. महापरिनिर्वाणानंतर धातूंवरून युद्धाचा प्रसंग ओढवला असता द्रोणाने आठ भाग करून तो टाळला आणि त्यांतील एक भाग वैशालीच्या लिच्छवींना मिळाला, असे महापरिनिब्बान सुत्तात सांगितले आहे. ह्युएन त्संगच्या वर्णनातही वैशालीच्या या स्तूपाचा उल्लेख आहे. स्थान, स्तूपाची प्राचीनता, गाभ्यात पूर्वी कोणी खोदून प्रवेश केल्याची खूण आणि साहित्यातील उल्लेख यांची सांगड घालून अळतेकरांनी हा लिच्छवींचा धातुस्तूप असल्याचे प्रतिपादन केले.

हा करंडक १९७२ पासून पाटणा संग्रहालयात होता. मध्यंतरी काही वर्षे त्याच्या दर्शनास प्रवेशमूल्याखेरीज वेगळे शुल्क भरावे लागे. शेवटी २९ जुलै २०२५ रोजी वैशाली येथे बुद्ध सम्यक् दर्शन संग्रहालय व स्मृतिस्तूपाचे उद्घाटन झाले आणि धातू तेथे नेण्यात आले. सुमारे ७२ एकरांच्या परिसरात राजस्थानच्या वालुकाश्मात बांधलेल्या या स्तूपाच्या उद्घाटनास अनेक देशांचे भिक्खू उपस्थित होते. योगायोग असा की त्याच आठवड्यात पिपरहवा येथील रत्नेही भारतात परत आली. १८९८ साली डब्ल्यू. सी. पेपे यांच्या उत्खननात मिळालेल्या आणि त्यांच्या कुटुंबाकडे राहिलेल्या त्या रत्नांचा हाँगकाँग येथे लिलाव व्हावयाचा होता. भारत शासनाच्या आणि जगभरच्या बौद्धांच्या विरोधामुळे तो थांबला होता.

धातू लिच्छवींच्या भूमीत परतले याचा आम्हास आनंद आहे. याला पूर्वीचा आधारही आहे. १८५१ साली सांचीच्या परिसरात मिळालेले सारिपुत्त व मोग्गल्लान यांचे धातू इंग्लंडात नेले गेले होते. ते परत येऊन १९५२ साली सांचीच्या नव्या विहारात प्रतिष्ठित झाले. जिवंत समुदायाच्या श्रद्धेची वस्तू काचेच्या पेटीत ठेवून तिच्या दर्शनाचे तिकीट लावणे यात काहीतरी अनुचित आहे, हे सर्वांस जाणवत होते.

तरीही आनंदाच्या क्षणी एक प्रश्न विचारणे हे आम्ही धम्माचे कर्तव्य समजतो. सांचीच्या करंडकांवर त्या दोन महास्थविरांची नावे कोरलेली होती. पिपरहवाच्या करंडकावर ब्राह्मी लेख आहे. वैशालीच्या करंडकावर एकही अक्षर नाही. म्हणजे तेथील ओळख ही अनुमानाने सिद्ध केलेली ओळख आहे. अनुमान बळकट आहे, त्यामागे अळतेकरांसारख्या साक्षेपी संशोधकाचा अधिकार आहे. तथापि ते अनुमान आहे. पाटण्याच्या संग्रहालयात असताना हा करंडक पुरावा होता. स्तूपात गेल्यावर तो वंदनीय झाला. वंदनीय होताना तो पुरावा राहणे थांबला, तर मात्र आपली हानी होईल.

काही उपासकांस हे बोलणे कठोर वाटेल. त्यांनी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पद्धतीचे स्मरण करावे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच त्यांनी परंपरेला प्रश्न विचारले. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही शतकानुशतके चालत आलेली कथा बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी हेही सांगितले की, जेथे प्रत्यक्ष पुराव्याची साखळी तुटलेली आहे तेथे इतिहासकाराने कल्पना व गृहीतक यांच्या साह्याने दुवा जोडावा. मात्र ते गृहीतक आहे हे लपवू नये. आपली श्रद्धा खोट्या प्रमाणपत्रावर उभी नाही. म्हणून वैशालीच्या स्तूपात वंदन करणाऱ्या प्रत्येकास तेथील संग्रहालयात उत्खननाचे थर, मण्यांचे व नाण्याचे वर्णन, अळतेकरांचा युक्तिवाद आणि त्याच्या मर्यादा हे सर्व वाचावयास मिळाले पाहिजे. स्तूप आणि संग्रहालय एका आवारात आहेत, ही फार मोठी संधी आहे. हात जोडणे आणि डोळे उघडे ठेवणे या दोन क्रिया एकाच ठिकाणी करता येतात, हे त्या आवाराने जगाला दाखवावे.

धातूंची वाटणी तलवारीने न होता चर्चेने झाली, त्या कथेचा वैशालीशी असलेला संबंधही तेथे शिकविला गेला पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात बाबासाहेबांनी प्राचीन गणराज्यांचा आणि भिक्खुसंघाच्या सभानियमांचा दाखला दिला होता. वज्जींचे गणराज्य येथलेच. महाप्रजापती गौतमीच्या आग्रहाने भिक्खुणीसंघाचा आरंभ झाला तोही येथेच. एका मूठभर राखेच्या भोवती लोकशाहीचा आणि स्त्रियांच्या अधिकाराचा एवढा इतिहास उभा आहे.

'हे कोणी दिले?'

आमच्याबरोबर यात्रेत एक वयस्क उपासिका होत्या. कांस्यमूर्ती पाहता पाहता त्यांनी अगदी साधा प्रश्न केला : "ही मूर्ती दान कोणी दिली हो?" आम्ही थबकलो. मूर्तीची धातू, शतक आणि प्राप्तिस्थान यांची विचारपूस आम्ही करीत होतो. दात्याची चौकशी करण्याचे आम्हास सुचले नव्हते. विहाराच्या पायरीवर आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या फरशीवरचे नाव जिने आयुष्यभर वाचले आहे, तिलाच तो प्रश्न सुचावा हे स्वाभाविक होते.

आणि उत्तर उपलब्ध आहे. गया जिल्ह्यातील कुर्किहार येथे १९३० साली दोनशेंहून अधिक कांस्यमूर्ती व वस्तूंचा साठा मिळाला. पाल काळातील हा साठा पाटण्याच्या संग्रहाचा अलंकार मानला जातो. त्यांतील अनेक मूर्तींवर लेख आहेत. पाल राजांची राज्यवर्षे आहेत, आपणक महाविहाराचे नाव आहे आणि दात्यांची नावे आहेत. त्यांतील कित्येक दाते थेट कांचीहून आलेले. दक्षिणेतील माणूस हजार वर्षांपूर्वी मगधात येतो, ओताऱ्याकडून मूर्ती करवून घेतो, विहाराला अर्पण करतो आणि तिच्यावर आपले नाव कोरवितो. या लेखांतील 'देयधर्म' हा शब्द आपल्याकडच्या लेण्यांतही 'देयधम' या रूपात आढळतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या गंधिकाचे दान आहे, सुताराचे नाव आहे, यवनांची नावे आहेत. कुडा येथे माळ्याचे दान आहे. सांचीला विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलेले काम आहे.

संग्रहालयांतील नामपट्ट्या सामान्यतः राजवंशाच्या नावाने लिहिल्या जातात. 'पालकालीन', 'सातवाहनकालीन' असे म्हटले की वस्तू राजाच्या खात्यावर जमा होते. लेख मात्र सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे, सुताराचे, माळ्याचे, भिक्खुणीचे आणि उपासिकेचे नाव सांगतात. राजाचे नाव तेथे बहुधा तिथी सांगण्यापुरते असते! पट्टीवर एक ओळ वाढविली, दात्याचे नाव व त्याचा व्यवसाय लिहिला, तर संग्रहालयाचे सारे रूप पालटेल. ज्यांना इतिहासच नाही असे सांगितले गेले, त्या श्रमिकांच्या नातवंडांना आपल्या पूर्वजांच्या व्यवसायाचे नाव दगडावर वाचावयास मिळेल. संग्रहालयाच्या लोककार्याचा कस आमच्या मते याच एका ओळीवर लागतो.

आपले दायित्व

शासनास सूचना करून आपण मोकळे झालो, असे मात्र समजता येणार नाही. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत नालासोपाऱ्याच्या स्तूपातील करंडक आहेत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखले जाणारे टेकाड उकलून ते शोधले. आमच्या किती विहारांतील बालकांनी ही हकिगत ऐकली आहे? वर्षातून एकदा धम्मवर्गाच्या मुलांना जवळच्या संग्रहालयात न्यावे. हातात वही द्यावी. वस्तू कोठे मिळाली, कोणी घडविली, कोणी दिली, येथे कशी आली आणि पट्टीवर जे लिहिले आहे त्यास आधार काय, हे पाच प्रश्न त्यांना लिहावयास सांगावे. उत्तर न मिळाल्यास अभिप्रायाच्या वहीत तसे सौजन्याने नोंदवावे. विश्वस्तास हिशेब मागण्याची ही सर्वांत सोपी रीत आहे.

याहून निकडीची एक गोष्ट आहे. बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात आणि पुण्यात सिम्बायोसिसच्या स्मारक-संग्रहालयात जतन झाल्या आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु दीक्षाभूमीवर जे लक्षावधी लोक आले, त्यांच्या वस्तू कोठे आहेत? १९५६ साली सोळा वर्षांचा असलेला मनुष्य आज पंच्याऐंशीच्या पुढे गेला आहे. त्याच्या घरात एखादे पिवळे पडलेले छायाचित्र असेल, समता सैनिक दलाचा बिल्ला असेल, सभेचे हस्तपत्रक असेल, जलशाच्या गाण्यांची वही असेल, दीक्षेच्या दिवशी नेसलेले पांढरे लुगडे असेल. घर बदलताना यांतले बरेचसे रद्दीत जाते. उरलेल्या छायाचित्रांच्या पाठीवर नाव नसते. घरातील जाणते मनुष्य असते तोवर ओळख पटते. ते गेले की त्या चेहऱ्यांना कोणी ओळखत नाही.

प्रत्येक विहाराने एक कपाट आणि एक नोंदवही यासाठी राखून ठेवावी. वस्तू, तिच्या मालकाचे नाव, ती कोणी दिली, कधी दिली आणि तिच्याविषयी देणाऱ्याने काय सांगितले, इतके लिहिले तरी पुरे. जे खात्रीचे आहे ते खात्रीचे म्हणून आणि जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणून लिहावे. उद्या राज्याचे संग्रहालय आपल्या दालनात १९५६ ची जागा करील तेव्हा त्याच्या हाती देण्यासाठी आपल्याजवळ पुरावा असला पाहिजे.

वैशालीच्या करंडकावर अक्षर नव्हते, म्हणून अडीच हजार वर्षांनंतर एका मोठ्या विद्वानाला मातीचे थर मोजत, यात्रेकरूंची वर्णने चाळत अनुमान करावे लागले. लिच्छवींना त्यावर नाव कोरण्याची गरज वाटली नसेल. त्या काळी ते सर्वांनाच ठाऊक होते. आपल्या कपाटातील छायाचित्रे आज आपल्याला अशीच ठाऊक आहेत. त्यांच्या पाठीवर नावे लिहिण्याचे काम या आठवड्यातच हाती घ्यावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.